आठ वार, नऊ वार



मागच्या अंकातल्या पत्रव्यवहारात एका वाचक भगिनीने रोखठोक विचारलं होतं, की हुंडा आहे, घरातली मारहाण आहे, बलात्काराचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळताहेत, अशा वेळी बायकांनी कामावर जाताना काय नेसावं यासाठी चळवळीने पानं का खर्च करावीत? प्रश्न रास्त आहे. तो मी टाळणार नाही. पण आधी एका पुरुषाच्या पोशाखाबद्दल बोलते, कारण बाईच्या पोशाखाबद्दल बोलायला लागलं की लगेच संस्कृती आडवी येते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

यंदा जानेवारीत आमच्या शाळेत स्कॉटलंडमधले एक शिक्षक पंधरा दिवसांसाठी पाहुणे म्हणून आले होते. ग्लासगोजवळच्या एका गावात ते विज्ञान शिकवतात. उमदा, कष्टाळू माणूस. शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ट घालायचं ठरवलं. नुसत्या निरोप समारंभापुरता नव्हे, तर सकाळी घर सोडल्यापासून. म्हणजे डोंबिवलीहून लोकल, रेल्वेचा पूल, रिक्षा, सकाळचे चार तास, दुपारी मुलांना घेऊन बसने वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, परत शाळा, समारंभ, आणि रात्री पुन्हा लोकल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. किल्ट म्हणजे चौकटीच्या लोकरी कापडाचा, मागे दाट चुण्या घातलेला, गुडघ्यापर्यंतचा घागरा. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात, कमरेला चामडी पट्टे आणि बकल. खिसा नाही, म्हणून पुढे एक चामड्याची थैली लटकवतात. तिला स्पोरन म्हणतात. पूर्ण किल्टला साधारण आठ वार कापड लागतं. माझ्या आजीच्या लुगड्याला नऊ लागायचं.

त्या दिवशी शाळेत उत्सवच होता. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आमचे पुरुष शिक्षक लोकलमध्ये त्यांच्याभोवती कडं करून उभे राहिले होते. शिक्षकांच्या खोलीत प्रश्नांची सरबत्ती झाली. वाऱ्याने उडत नाही का? बसताना काय करता? जिना चढताना? आणि, आवाज खाली आणून, बाथरूमला? त्यांनी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या कराव्या लागतात, नाहीतर चुरगळतात. गुडघे जुळवून बसावं लागतं. थैलीच्या वजनाने पुढचा भाग खाली राहतो, पण मागचं वाऱ्याच्या हवाली. पुलाचा जिना चढताना खालून येणाऱ्यांच्या नजरा जाणवत होत्या, म्हणून एक हात मागे धरला. बसच्या रेक्झिनला मांड्या चिकटल्या. मुंबईच्या उकाड्यात लोकरीने कमरेला घाम आला आणि पट्ट्याखाली लाल वळ उठला.

संध्याकाळी समारंभात ते म्हणाले, की गावी हा पोशाख ते लग्नाला किंवा रग्बीच्या सामन्याला घालतात, फार तर चार-पाच तास. प्रवास आणि काम धरून अख्खा दिवस तो अंगावर ठेवायची ही पहिलीच वेळ, आणि दिवसभर त्यांचं अर्धं लक्ष कपड्यांत होतं. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी शाल-श्रीफळ दिलं आणि आपल्या संस्कृतीचा अभिमान कसा बाळगावा हे पाहुण्यांकडून शिकावं, असं आम्हाला सांगितलं.

सभागृहात आम्ही एकोणीस शिक्षिका बसलो होतो. एकोणीसच्या एकोणीस साडीत, पहाटे पाचला निऱ्या घालून निघालेल्या, त्याच लोकलने, त्याच पुलावरून आलेल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या. या शाळेत मराठी शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. सत्तावीस वर्षांत मला एकाही सहकाऱ्याने विचारलेलं नाही, की बाई, जिना चढताना तुम्ही काय करता? बसताना? बाथरूमला? पुरुषाच्या एका दिवसाच्या गैरसोयीला ‘अनुभव’ म्हणतात. बाईच्या रोजच्या गैरसोयीला शब्दच नाही. तिला सवय म्हणतात.

मी हे इथवरच ठेवलं असतं, एक गंमत म्हणून. पण पुढचा प्रसंग गमतीचा नव्हता. पाहुणे गेल्यावर आठवड्याभरात आमच्या विज्ञानाच्या तरुण शिक्षिकेला फाटकातून परत पाठवलं. तिच्या अंगात सलवार-कुडता होता, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून मागे बांधलेली. त्या दिवशी तिची नववीची दोन प्रात्यक्षिकं होती, दोन्ही बर्नरवरची. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सूचनांचा तक्ता आहे, तोही शाळेनेच लावलेला. त्यात लिहिलंय : सैल, लोंबते कपडे घालून ज्योतीजवळ जाऊ नये, केस बांधावेत. मुलींची वेणी वर बांधलेली आहे की नाही हे बघायचं काम तिचं. आणि स्वतः मात्र सिंथेटिक साडीच्या निऱ्यांनिशी त्या ज्योतीभोवती फिरायचं. तिने तक्त्यातली सूचना पाळली, तर शाळेचा नियम मोडला. अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली. गोपनीय अहवालात शेरा आला : ‘पोशाखाबाबत बेफिकीर.’ ती शिक्षणसेवक आहे. तिची तीन वर्षं येत्या जूनमध्ये पुरी होतात. असा शेरा तेव्हा कुठे आणि कसा बाहेर काढला जातो, हे शाळांमध्ये नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

तेव्हापासून मी किल्टबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि आमच्या संस्थाचालकांना ज्या संस्कृतीचा एवढा उमाळा आला तिचा इतिहास मला फार उद्बोधक वाटला.

मूळचा किल्ट हा शिवलेला कपडाच नव्हता. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला माणूस एक लांबलचक लोकरी कापड घ्यायचा, त्याच्या चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचा, उरलेलं खांद्यावर टाकायचा. दिवसा पोशाख, पावसात खोळ, रात्री पांघरूण. आपल्या मावळातल्या धनगराची घोंगडी आठवा. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराने त्या मुलखात लोखंडाची भट्टी घातली. लाकूडतोडीला आणि भट्टीवर लावलेल्या स्थानिक मजुरांना हे घोळदार कापड अडचणीचं व्हायला लागलं. तेव्हा वरचा भाग काढून टाकून खालचा तेवढा वेगळा, चुण्या शिवून टाकलेला आखूड किल्ट तयार झाला, अशी हकिकत सांगतात. श्रेय त्या इंग्रजाचं की आधीपासून तिथले लोक तसा वापरत होते, यावर स्कॉटिश मंडळी हिरिरीने भांडतात. भांडोत बापडी. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. कामाला अडचण झाली तेव्हा कात्री कापडावर चालवली गेली. मजुराला कोणी सांगितलं नाही, की पूर्वजांचा पोशाख आहे, भट्टीजवळ जरा सांभाळून वावर.

मग १७४५चं बंड झालं, ते मोडलं गेलं, आणि १७४६मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या पोशाखावर कायद्याने बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. यातून सूट कोणाला? सरकारी फौजेतल्या शिपायांना. म्हणजे राजासाठी लढायला घातला तर गणवेश, स्वतःसाठी घातला तर गुन्हा. बंदी होती ती फक्त पुरुषांवर आणि मुलग्यांवर, बायकांचा कायद्यात उल्लेख नाही. (बायकांच्या कपड्यांसाठी पार्लमेंट बसवावं लागत नाही, त्याला घरची माणसं पुरतात.) १७८२मध्ये बंदी उठली, आणि १८२२मध्ये खुद्द इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला किल्ट घालून मिरवला. पाऊणशे वर्षांत गुन्ह्याची संस्कृती झाली.

पहिल्या महायुद्धात स्कॉटिश पलटणी किल्ट घालूनच खंदकांत उतरल्या होत्या. चुण्यांत उवा व्हायच्या, चिखलाने कापड जड व्हायचं, थंडीत ओली किनार गोठून गुडघ्यामागची कातडी सोलून काढायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला लष्कराने किल्ट लढाईच्या पोशाखातून काढला आणि संचलनापुरता, समारंभापुरता ठेवला. म्हणून काही त्या पलटणींचा अभिमान कमी झाला नाही. आज स्कॉटलंडमधला माणूस लग्नाला किल्ट घालतो आणि सोमवारी कामाला पँट घालून जातो. दोन्ही निर्णय त्याचे. आमच्या पाहुण्यांनी तो एक दिवस घातला हाही त्यांचाच निर्णय होता. दुसऱ्या दिवशी विमानात ते जीन्समध्ये होते.

आता आपल्याकडे वळू.

साडी मुळात कष्टाला नालायक आहे, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ते म्हणण्यासाठी फार शहरी, फार अडाणी असावं लागतं. भाताच्या खाचरात, मासळी बाजारात, डोक्यावर पाटी घेऊन बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नऊवारीत काम केलं आहे. पण ती नऊवारी काय होती ते नीट पाहा. मध्ये काष्टा, म्हणजे दोन पाय मोकळे. घोट्याच्या वर खोचलेली, म्हणजे चिखलात भिजत नाही. पैसे ठेवायला कनवट. भाजी, शेंगा, कापूस वेचून भरायला ओचा. पदर कमरेला खोचला की दोन्ही हात रिकामे. ज्याला त्या स्कॉटिश माणसाने चामड्याची थैली लटकवली, ते सगळं आजीच्या लुगड्यात नेसण्यातच होतं. तो कष्टाचा पोशाख होता आणि कष्ट करणारीने तो स्वतःच्या अंगावर घडवला होता.

आमच्या शाळेच्या नियमातली साडी ही नव्हे. ती गोल, पाचवारी, पायघोळ, निऱ्या इस्त्रीच्या, पदर पिनेने खांद्यावर डकवलेला, रंग संस्थेने ठरवलेला, सोमवारी निळा, गुरुवारी मोतिया. तिच्यात ना काष्टा, ना कनवट. तिच्यात धावता येत नाही, भराभर जिना उतरता येत नाही, फळ्याच्या वरच्या टोकाला हात नेला की पाठपोट उघडं पडतं, आणि मग ते उघडं पडलं म्हणूनही बोलणी आपल्यालाच. एखाद्या शिक्षिकेने उद्या काष्टा घालून, पदर खोचून, पोटऱ्या दिसणारी नऊवारी नेसून वर्गावर जाऊन दाखवावं. तीही परंपराच. बघा फाटकातून आत घेतात का! परंपरेतला पायांना मोकळं करणारा भाग तेवढा गाळून, बांधून ठेवणारा भाग तेवढा यांना हवा असतो.

आणि जिथे नियम करणारं कोणी नाही, तिथे कष्टकरी बाई काय करते? बांधकामावर पाहा, ऊसतोडीच्या फडात पाहा. तिने साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना शर्ट चढवलेला असतो. पाचट कापत नाही, ऊन लागत नाही, पदर जागेवर राहतो, आणि त्याला खिसा असतो. तिने कोणाची परवानगी मागितली नाही, तिच्यावर परिसंवाद झाला नाही. मला तो शर्ट फार आवडतो.

साडीतल्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या कायद्यापुढेही आला होता, आणि त्याने दिलेली दोन उत्तरं मला शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. एक, १९४८चा कारखाना कायदा. त्याच्या बाविसाव्या कलमात म्हटलं होतं, की चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी करायचं तर ते खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाबरोबरचे घट्ट कपडे घालून करावं, आणि ते कपडे त्याला मालकाने पुरवावेत. स्त्रीचं काय? तिला चालू यंत्राची सफाई, तेलपाणी करू देऊ नये. झालं! पुरुषाच्या कपड्याचा धोका दिसला तर त्याला दुसरे कपडे द्या, बाईला धोका दिसला तर तिचं काम काढून घ्या. तेच कपडे तिलाही द्यावेत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. २०२५मध्ये नवी संहिता लागू होऊन तो कायदा मागे पडला, पण सत्याहत्तर वर्षं तो पुस्तकात होता आणि त्या वळणाचा विचार अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे.

दुसरं उत्तर १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतलं, क्रमांक १२३. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला निदान अर्धं चाक झाकेल असं आच्छादन असलंच पाहिजे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाणार नाहीत. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. इथे बाईला घरी बसायला सांगितलं नाही, तर कारखान्याला गाडी बदलायला लावली. म्हणजे इच्छा असली की साडीतल्या बाईसाठी लोखंडही वाकवता येतं. (ती बाई गाडी चालवणारी नव्हे, मागे बसणारी धरली आहे, हे आहेच. पण सध्या तेवढ्यावर भागवू.)

मग माझा आमच्या संस्थेला साधा प्रश्न असा, की तुम्ही पोशाख ठरवता, तर तो पोशाख घालून जो दिवस काढायचा त्याची जबाबदारी कोणाची? गणवेश ठरवणारा मालक गणवेशासोबत काहीतरी देणं लागतो. तुम्ही काय देता? साडीचे पैसे आमचे. फॉल-पिकोचे आमचे. वर्षाला सहा साड्या, त्यांचे ब्लाऊज, त्यांची इस्त्री. प्रयोगशाळेत अ‍ॅप्रन मागितले तर निधी नाही. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला एक खुंटी लावा म्हणून मी स्वतः तीन वर्षं अर्ज करते आहे. ओल्या फरशीवर पायघोळ साडी, परकर, पदर, पर्स हे सगळं दोन हातांत उचलून धरून बसायचं कसं, ते तुम्ही एकदा करून दाखवा. म्हणून बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात आणि मग लघवीच्या जळजळीची औषधं घेतात. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ ची मोहीम सुरू झाली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. मुताऱ्यांचा कसला हक्क! पण ज्यांच्या अंगावर दिवसभर साडी असते त्यांना नाकं मुरडायची चैन परवडत नाही.

परकराच्या नाडीचंही सांगते. घट्ट नाडीने कमरेला काळा पट्टा पडतो, खाज येते, कातडी सोलवटते, हे आपल्याला इतकं ठाऊक असतं की ते आपण दुखणं म्हणून मोजत नाही. २०२४मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने कमरेला झालेली जखम भरेना, आणि तिचा शेवटी त्वचेचा कर्करोग झाला. असं क्वचित होतं, घाबरून जाऊ नका. धोतर कमरेला आवळून बांधणाऱ्या पुरुषांतही पूर्वी असे रोगी आढळले आहेत. नाडी सैल बांधा, रुंद पट्टीची घ्या, कातडी लाल झाली तर कुटुंबात लपवू नका. मुद्दा एवढाच, की धोतराचा तो काच पुरुषांनी कधीच कमरेवरून उतरवला.

आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारला? आमच्या शाळेच्या कार्यालयात संस्थापकांचं तैलचित्र आहे. धोतर, लांब कोट, उपरणं, पगडी. त्या चित्राखाली बसून टेरिकॉटची पँट आणि बाहेर काढलेला बुशशर्ट घातलेले अध्यक्ष मला सांगतात, की साडी ही आपल्या संस्थेची परंपरा आहे. पगडी गेली तेव्हा परंपरा बुडाली नाही, धोतर गेलं तेव्हा बुडाली नाही, निरीही गेली, उपरणंही गेलं. पुरुषांनी दोन पिढ्यांत डोक्यापासून पायापर्यंत सगळं बदललं आणि परंपरेचं गाठोडं आमच्या खांद्यावर ठेवून, सेफ्टी पिन लावून टाकली. १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे असत्या तर त्यांनी यांना काय सुनावलं असतं, याची कल्पना करून मी कधीकधी लोकलमध्ये एकटीच हसते.

साडीमुळे विद्यार्थी मान देतात, हेही ऐकवलं जातं. माझ्या अनुभवाने विद्यार्थी त्याला मान देतात ज्याला विषय येतो आणि जो वेळेवर येतो. पोलिसाइतका वचक तर शिक्षिकेला लागत नाही ना? कर्नाटकात २०१८मध्ये नीलमणी राजू या पोलीस महासंचालक असताना महिला पोलिसांनी साडीऐवजी खाकी पँट-शर्टच घालावा असा आदेश निघाला. साडीत धावता येत नाही, काम करता येत नाही, हे त्याचं कारण. तोही आदेशच, हे मी विसरत नाही, पण निदान तो कामाकडे बघून काढलेला होता. केरळ सरकारने २०२१मध्ये शिक्षिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलं. आणि आपल्याच महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुडता, दुपट्टा असं म्हटलं आहे. त्या सूचनांवरही मला बोलायचं आहे, जीन्सने शिक्षण बिघडतं हा शोध कोणी लावला ते विचारायचं आहे. पण तूर्त इतकंच पाहा, की आमची तरुण सहकारी ज्या कपड्यांत फाटकातून परत गेली ते सरकारच्या या सूचनांत अक्षरशः बसतात. संस्थेला हे दाखवलं. उत्तर मिळालं, तोंडी : शासनाचं शासनापाशी, आमची संस्था शिस्तीसाठी ओळखली जाते.

शिस्त. हा शब्द आला की समजावं, आता पोशाखाबद्दल बोलणं संपलं. नियमाचा खरा उपयोग निळ्या-मोतिया साडीत नाही, रोज सकाळी फाटकाशी एका पुरुषाने एकोणीस बायकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळण्यात आहे. त्याला ते काम नेमून दिलं आहे. त्या दिवशी किल्टमधल्या पाहुण्यांसाठी त्याच फाटकाशी तुतारी वाजली होती.

आता त्या पत्रलेखिका भगिनीला उत्तर. बाई, तुम्ही म्हणता हे प्रश्न मोठे, तो लहान. मला त्यांच्यात अंतर दिसत नाही. बलात्काराच्या खटल्यात उलटतपासणीला उभी राहिलेली मुलगी तुम्हीही पाहिली असेल. तिला कपड्यांबद्दल विचारलं गेलं नाही असा एक तरी खटला आठवा. ‘अंगावर काय होतं?’ हा प्रश्न कोर्टात जन्माला येत नाही. तो शाळेच्या फाटकाशी शिकवला जातो, मुलांच्या देखत. आमच्या सहकारीला परत पाठवलं तेव्हा नववीचे तीस मुलगे आणि अठ्ठावीस मुली रांगेत उभ्या होत्या. बाईंच्या कपड्यांवर बोलायचा हक्क फाटकावरच्या माणसाला असतो, हा धडा त्या अठ्ठावन्न मुलांनी त्या दिवशी घेतला, विज्ञानाचा तास बुडवून.

आपल्यातल्या काहीजणींना साडी आवडते. मलाही आवडते. कपाटात दोन इरकली आणि आईची नारायणपेठ आहे, त्या मी जिवापाड जपते आणि हौसेने नेसते. म्हणूनच कोणीतरी हुकमाने नेसवलेली निळी साडी मला त्यांचा अपमान वाटते. ‘मला काही त्रास होत नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझी विनंती एवढीच, की तुम्ही खुशाल नेसा, पण तुमची आवड दुसरीवर सक्ती करायला पुरावा म्हणून वापरू देऊ नका. आमच्या एकोणीसपैकी आठजणींनी सही दिली नाही ती याच कारणाने. त्यांतल्या दोघींना मनातून वाटतं, पण एकीच्या मुलीचा प्रवेश आणि दुसरीची बढती अडकली आहे. मी त्यांना दोष देत नाही.

अकराजणींनी सही केली. निवेदनात मागण्या चार आहेत. साडीची सक्ती लेखी मागे घ्यावी. आमच्या सहकारीच्या अहवालातला शेरा काढावा आणि कापलेली रजा परत द्यावी. प्रयोगशाळेत शिक्षक आणि विद्यार्थी दोघांना सुती अ‍ॅप्रन द्यावेत. आणि शिक्षिकांच्या स्वच्छतागृहात खुंट्या, कडी आणि नळाला पाणी असावं. ही चौथी मागणी वाचून एक संस्थाचालक हसले, असं कळलं.

निवेदन देऊन सहा आठवडे झाले, लेखी उत्तर नाही. पोच मात्र शिक्क्यासह आमच्याजवळ आहे. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी आम्ही अकराजणी सलवार-कुडत्यात जाणार आहोत, २०२४च्या सूचनांची प्रत पर्समध्ये ठेवून. परत पाठवलं तर फाटकाशीच लेखी कारण मागू आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ.

तुमच्यापैकी ज्या शाळांत, बँकांत, दवाखान्यांत, दुकानांत नोकरी करता, त्यांनी एक करावं. तुमच्याकडे साडीची सक्ती असेल तर ती लेखी आहे की तोंडी ते विचारा, लेखी असेल तर त्याची प्रत अंकाच्या पत्त्यावर पाठवा. तोंडी असेल तर कोणी, कधी आणि कोणापुढे सांगितली ते तारखेनिशी लिहून ठेवा. नाव छापलं जाणार नाही. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पत्रं हाती आली तर आमच्या अर्जासोबत जोडता येतील.